विज्ञानाचं इंग्रजी लिहिताना: नागपूरचे विद्यार्थी आणि संशोधक नेहमी विचारतात ते प्रश्न

नागपुरातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना मी इंग्रजी लेखनात मदत करते. शोधनिबंध, प्रबंधाचं प्रकरण, पोस्टर, परिषदेला पाठवायचा सारांश, रिव्ह्यूअरला (जर्नलच्या वतीने पेपर तपासणाऱ्याला) द्यायचं उत्तर, जे असेल ते. मोबाईलवर रोज प्रश्न येतात आणि त्यातले बरेच तेच ते असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ताई, तुम्ही नेमकं काय करून देता? आणि पैसे किती?

पैसे घेत नाही. व्याकरण, वाक्यरचना, शब्दांची निवड आणि परिच्छेदांचा क्रम एवढं बघते. एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर ते स्वतःच्या मनाने सुधारत नाही, बाजूला प्रश्न लिहिते. प्रयोग पुरेसा आहे का, निष्कर्ष टिकतो का, यात मी पडत नाही. ते तुमच्या गाईडचं आणि रिव्ह्यूअरचं काम आहे. असाइनमेंट किंवा प्रबंधाचं प्रकरण लिहून देत नाही. तुम्ही लिहिलेलं असेल, कितीही मोडकंतोडकं असलं तरी, त्यावर मनापासून बसते.

२. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. इंग्रजी इतकं कच्चं आहे की पाठवायची लाज वाटते. पाठवू का?

जरूर पाठवा. लाजेपायी चांगलं काम कपाटात पडून राहतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या चुका वाटेल तशा पडलेल्या नसतात, त्यांना शिस्त असते आणि ती शिस्त मराठीची असते. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' यांसारखं काही नाही, म्हणून ते गळतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून इंग्रजीतलं लांब वाक्य मध्येच भरकटतं. चूक कुठून आली हे एकदा कळलं की ती पुन्हा होताना तुमची तुम्हालाच दिसते.

शिवाय मराठीचा कान इंग्रजीतही कामाला येतो. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, 'द कॉन्सन्ट्रेशन ऑफ हेवी मेटल्स इन द सँपल्स वेअर हाय'. वाक्य चार वेळा वाचूनही तिला काही खटकेना. मी म्हटलं, हेच मराठीत म्हण. ती म्हणाली, "नमुन्यांतल्या जड धातूंचं प्रमाण जास्त होतं." 'होतं' म्हणाली, 'होते' नाही. प्रमाण एकच, धातू कितीही असोत. तिथेच तिने 'वेअर' खोडून 'वॉज' केलं. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये सात-आठ शब्द आले की ही युक्ती करून बघा.

३. फाइल कशी पाठवायची?

वर्डमध्ये. छापील पानाचे फोटो काढून पाठवू नका, त्यावर दुरुस्ती दाखवता येत नाही. कुठल्या जर्नलला पाठवणार ते लिहा, आकृत्या आणि तक्ते सोबत जोडा. तक्ता समोर नसेल तर वाक्यातलं 'इन्क्रीज्ड' बरोबर आहे की नाही हे मला कळणार कसं? दुरुस्त्या वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये येतील, म्हणजे प्रत्येक बदल वेगळा दिसेल. त्या एका फटक्यात स्वीकारू नका, एकेक वाचा. असं का म्हणते ते प्रश्न १४ मध्ये सांगितलं आहे.

४. 'ए', 'ॲन', 'द' कुठे लावायचं? दर वेळी अंदाजानेच लावते.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी स्वतःला विचारा: मी जे नाम लिहिते आहे, ते नेमकं कोणतं हे वाचणाऱ्याला आत्ता माहीत आहे का? माहीत असेल तर 'द'. नसेल आणि वस्तू मोजता येण्यासारखी, एकच असेल, तर 'ए' किंवा 'ॲन'. नसेल आणि नाम अनेकवचनी किंवा न मोजता येणारं असेल, तर काहीच नाही. 'सॉइल कंटेन्स ऑरगॅनिक मॅटर' हे साधारण मातीबद्दलचं विधान झालं, तिथे 'द' नको. पण हिंगण्याच्या शेतातून तुम्ही आणलेली, मागच्याच वाक्यात सांगितलेली माती असेल तर 'द सॉइल वॉज एअर-ड्राइड'. उपकरणाचंही तसंच: पहिल्यांदा उल्लेख केला तेव्हा 'अ स्पेक्ट्रोफोटोमीटर', नंतर 'द स्पेक्ट्रोफोटोमीटर'.

'ए' की 'ॲन' हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं. 'ॲन एक्सआरडी पॅटर्न', कारण 'एक्स' म्हणताना तोंडातून स्वर आधी येतो. 'अ यूव्ही स्पेक्ट्रम', कारण लिहिताना अक्षर यू असलं तरी उच्चार 'य'ने सुरू होतो. म्हणूनच 'अ युनिव्हर्सिटी'.

आता आपल्या गावचा अपवाद. नदीच्या नावाआधी 'द' येतो, तलावाच्या नावाआधी येत नाही. त्यामुळे 'सँपल्स वेअर कलेक्टेड फ्रॉम द नाग रिव्हर अँड अंबाझरी लेक' हे बरोबर. पाण्याच्या नमुन्यांवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मसुद्यात हे उलटसुलट झालेलं सापडतं.

५. पेपरमध्ये भूतकाळ वापरायचा की वर्तमानकाळ?

दोन्ही, पण जागा ठरलेल्या आहेत. तुम्ही जे केलं आणि तुम्हाला जे मिळालं ते भूतकाळात: 'वी कलेक्टेड', 'द यील्ड इन्क्रीज्ड'. सर्वमान्य झालेलं ज्ञान वर्तमानकाळात. आकृती किंवा तक्ता काय दाखवतो तेही वर्तमानकाळात, कारण ती आकृती आत्ता वाचकासमोर आहे: 'फिगर २ शोज'. आधीच्या अनेकांच्या कामाबद्दल एकत्र बोलायचं असेल तर 'हॅज बीन रिपोर्टेड'.

आपल्याकडचा खास घोटाळा मात्र चालू काळाचा आहे. वऱ्हाडी बोलणारा माणूस सहज म्हणतो, "मले समजून नाही राहिलं," "थो आलेख वाढ दाखवून राहिला." बोलीत हे अगदी चपखल आहे. तेच इंग्रजीत उतरतं आणि 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'द ग्राफ इज शोइंग ॲन इन्क्रीज' होतं. इंग्रजीत समजणं, असणं, माहीत असणं या अर्थाची क्रियापदं सहसा चालू काळात येत नाहीत, आणि आलेखाचं दाखवणं ही काही घडत असलेली क्रिया नाही. 'द ग्राफ शोज' एवढंच लिहा. आपल्या मसुद्यात 'इज शोइंग', 'आर हॅविंग', 'इज कंटेनिंग' शोधून काढा. मला पाठवायच्या आधीच दहा-पंधरा चुका कमी होतील.

६. 'युजिंग'ने सुरू केलेल्या वाक्यावर तुम्ही नेहमी खूण करता. त्यात काय चुकतं?

मराठीत आपण म्हणतो, 'नमुना गाळून द्रावण तापवलं'. गाळणारा आणि तापवणारा एकच, आणि तो न सांगताही कळतो. इंग्रजीत सुरुवातीच्या अशा तुकड्याचा कर्ता म्हणजे स्वल्पविरामानंतर जे पहिलं नाम येतं तो. म्हणून 'युजिंग अ मायक्रोस्कोप, द स्पोअर्स वेअर काउंटेड' याचा काटेकोर अर्थ सूक्ष्मदर्शक बीजाणूंनी वापरला असा होतो. 'द स्पोअर्स वेअर काउंटेड अंडर अ मायक्रोस्कोप' लिहा, किंवा कर्ता उघड करा: 'युजिंग अ मायक्रोस्कोप, वी काउंटेड द स्पोअर्स'.

छापून आलेल्या पेपरांत अशी वाक्यं सर्रास दिसतात, हे खरं. अर्थाचा गोंधळ होत नसेल तर मीही हट्ट धरत नाही. पण 'आफ्टर कूलिंग' किंवा 'आफ्टर वॉशिंग'नंतर दोन पदार्थांची नावं आली, तर नेमकं काय थंड केलं आणि काय धुतलं हे वाचकाला ओळखता आलं पाहिजे. नाहीतर तुमचा प्रयोग दुसऱ्याला करून बघता येणार नाही.

७. 'वी' लिहायचं की नाही? आमचे सर म्हणतात, शास्त्रीय लेखनात 'मी-आम्ही' येताच कामा नये.

ही जुनी शिकवण आहे आणि पुष्कळ विभागांत अजून चालते. पण 'नेचर'ची जर्नल्स लेखकांना कर्तरी प्रयोगच पसंत असल्याचं सांगतात, म्हणजे 'वी परफॉर्म्ड द एक्स्पेरिमेंट' या धर्तीची वाक्यं. माझा कौल असा: पद्धतीच्या भागात कोणी केलं याला महत्त्व नसतं, तिथे 'द सोल्यूशन वॉज हीटेड' ठीक. चर्चेच्या भागात मत कोणाचं आहे हे कळलं पाहिजे, तिथे 'वी'. 'इट इज बिलीव्हड' लिहिलं की तो विश्वास तुमचा की साऱ्या जगाचा, हे समजत नाही.

प्रबंधात मात्र गाईडचं ऐका. प्रबंधावर सही त्यांची असते, आणि एका सर्वनामासाठी वाद घालण्यात अर्थ नाही. पेपरच्या वेळी जर्नलच्या सूचनांचं पान सरांसमोर ठेवा.

८. 'इक्विपमेंट्स', 'रिसर्चेस', 'इन्फॉर्मेशन्स' का चालत नाही?

ही नामं इंग्रजीत मोजली जात नाहीत. मोजायचंच असेल तर 'पीसेस ऑफ इक्विपमेंट', 'स्टडीज'. 'सॉफ्टवेअर्स' आणि 'लिटरेचर्स'ही नको. 'डेटा' एकवचनी की अनेकवचनी यावर जर्नल्समध्ये एकमत नाही. एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. त्याच ओघात 'डिस्कस अबाउट'मधला 'अबाउट' आणि 'रिव्हर्ट बॅक'मधला 'बॅक' काढून टाका.

९. कोणत्या शब्दांनी पेपरचा अर्थच बदलतो?

माझ्या अनुभवात चार.

'सिग्निफिकंट': संख्याशास्त्रीय चाचणी केली असेल आणि तसा निकाल आला असेल, तरच. नुसती मोठी वाढ सांगायची असेल तर किती ते आकड्यात सांगा.

'प्रूव्ह': एका हंगामाच्या, तीन वाफ्यांच्या प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. 'सजेस्ट', 'इंडिकेट', 'शो' यांतला तुमच्या पुराव्याला पेलेल तो शब्द निवडा. यात विनयाचा प्रश्न नाही, दावा पुराव्याएवढाच असावा.

'रिस्पेक्टिव्हली': म्हणजे अनुक्रमे. दोन याद्या हव्यात, दोन्ही सारख्या लांबीच्या, एकाच क्रमाने. एकच यादी असेल तर हा शब्द लोंबकळत राहतो.

आणि 'ओन्ली'. आपला 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्यावरच जोर देतो: पानांवरच फवारलं, पानांवर फवारलंच. आपण मराठीत याबाबत कधी चुकत नाही. इंग्रजीत मात्र 'ओन्ली' जागा मिळेल तिथे टाकतो. 'वी ओन्ली स्प्रेड द लीव्ज' यातून फवारण्याखेरीज काही केलं नाही, असाही अर्थ निघतो. 'वी स्प्रेड ओन्ली द लीव्ज' म्हणजे खोडावर, मातीवर नाही, फक्त पानांवर. मराठीत 'च' कुठे लावला असता ते बघा आणि 'ओन्ली' त्याच शब्दाच्या लगेच आधी ठेवा.

१०. आकडे, एककं आणि शास्त्रीय नावं लिहिताना काय सांभाळायचं?

अंक आणि एककाचं चिन्ह यांच्यामध्ये एक जागा सोडा. शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेलं एकक पूर्ण लिहिताना पहिलं अक्षर लहान, पण चिन्ह मोठ्या अक्षरात. केल्विनआधी 'डिग्री' लिहीत नाहीत. ती १९६७ मध्येच गेली. लहान एम म्हणजे मिली आणि मोठा एम म्हणजे मेगा, दोन्हींत एक अब्ज पटीचा फरक आहे, तेव्हा कॅपिटल अक्षरं केवळ सजावटीची म्हणून बघू नका. पीएच लिहिताना पी लहानच, वाक्याच्या सुरुवातीला आला तरी.

परदेशी जर्नलसाठी लाख-कोटी बदलून घ्या, आणि स्वल्पविरामही. आपण १,००,००० लिहितो, ते १००,००० लिहितात. मजकुरात बदलतं आणि तक्त्यात राहून जातं, असं फार होतं.

प्रजातीचं नाव तिरप्या अक्षरात, पहिला शब्द कॅपिटलने सुरू, दुसरा कधीच नाही. कापसावर काम करणाऱ्यांनी पहिल्यांदा 'गॉसिपियम हिर्सुटम' पूर्ण लिहावं, पुढे पहिल्या शब्दाचं आद्याक्षर पुरतं. गुलाबी बोंडअळीचं 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएला'ही त्याच नियमाने.

११. 'मृग बहार', 'वाफसा', 'चोपण' असे शब्द इंग्रजीत कसे लिहू?

शेती आणि मृदाशास्त्रवाल्यांचा हा प्रश्न मला फार आवडतो. आपल्याकडे या गोष्टींना नेमके शब्द आहेत, ते घालवू नका. जिथे काटेकोर प्रतिशब्द आहे तिथे तो वापरा: चोपण म्हणजे 'सोडिक सॉइल'. जिथे नाही तिथे मूळ शब्द तिरप्या अक्षरात ठेवा आणि पहिल्याच वेळी एका वाक्यात अर्थ सांगा. संत्र्याचा मृग बहार म्हणजे जून-जुलैत येणारी फुलं, आंबिया बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली. महिने दिलेत की ब्राझीलच्या वाचकालाही कळतं. वाफसा म्हणजे मशागत करता येईल इतपत ओल. त्याला थेट 'फिल्ड कपॅसिटी' म्हणाल तर ती वेगळी, मोजून ठरवलेली संकल्पना आहे. तुम्ही ती मोजली असेल तरच तो शब्द घ्या.

१२. स्पेलिंग ब्रिटिश ठेवू की अमेरिकन?

जर्नल सांगेल तसं. काही सांगितलं नसेल तर कोणतंही एक, पण दोन्हींची खिचडी नको. रसायनवाल्यांसाठी एक अपवाद: रसायनशास्त्रातली नावं ठरवणाऱ्या आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९० मध्ये सल्फरचं एफचं स्पेलिंग स्वीकारलं, जे अमेरिकन वळणाचं आहे, पण ॲल्युमिनियम मात्र ब्रिटिश धर्तीचंच, शेवटी 'नियम' असलेलं ठेवलं. त्यामुळे ब्रिटिश स्पेलिंगच्या रसायनाच्या पेपरमध्येही एफचं सल्फर बरोबर असतं. स्पेलचेकरची लाल रेघ बघून ते बदलू नका.

१३. मी मराठीत लिहून एआयकडून इंग्रजी करून घेतो. चालेल का?

कच्च्या मसुद्यासाठी आधार म्हणून हरकत नाही, पण तीन गोष्टी बघा. पहिली, जर्नलचे नियम. एआय लेखक म्हणून लावता येत नाही, हे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती आयसीएमजेई आणि प्रकाशनातल्या नीतीसाठी काम करणारी सीओपीई या दोघांनी २०२३ मध्येच स्पष्ट केलं. वापर केला असेल तर तो सांगावा लागतो. दुसरी, न छापलेली माहिती बाहेरच्या सेवेत टाकण्याआधी गाईडला विचारा, विशेषतः पेटंटचा विचार असेल तर. तिसरी माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची: यंत्राचं इंग्रजी गुळगुळीत असतं, त्यामुळे चूक नजरेतून निसटते. उसाची 'लागण' म्हणजे लागवड. तिचं 'इन्फेक्शन' झालेलं मी पाहिलं आहे, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. तुमच्या मोडक्या इंग्रजीत निदान ऊस निरोगी राहिला असता.

१४. माझा विषय तुमचा नाही. मग सुधारताना अर्थ बदलला तर?

बदलू शकतो, आणि माझ्या हातून बदललेला आहे. सांडपाण्यावरच्या एका पेपरमध्ये अमोनियाचं नाइट्राइट होतं असं लिहिलं होतं. मला वाटलं टायपिंगची चूक. मी ते नाइट्रेट करून टाकलं आणि बाजूला काही लिहिलंही नाही. अमोनियाचं आधी नाइट्राइट होतं आणि मग त्याचं नाइट्रेट. त्या मुलाचा सगळा पेपर त्या मधल्या टप्प्यावरच होता. पाठवायच्या आदल्या रात्री त्याने ते पाहिलं म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून पदार्थाचं नाव, आकडा, एकक आणि 'मे', 'कॅन', 'विल' यांसारखी दाव्याची ताकद ठरवणारी क्रियापदं मी विचारल्याशिवाय बदलत नाही. तुम्हीही माझी एखादी दुरुस्ती पटली नाही तर नाकारा. ताईला काय वाटेल, असा विचार करू नका.

१५. सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर, ३८ टक्के आली आहे. शब्द बदलून १० च्या आत आणून द्याल का?

नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारित मसुदा द्यावा लागतो, तोही जास्तीत जास्त ६ महिन्यांत. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित मसुदाही देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, प्रमाण समीकरणं यांची त्यात मोजदाद होत नाही, तेव्हा आधी अहवालातून ती वगळली आहेत का ते तपासा. बऱ्याचदा आकडा तिथेच खाली येतो.

उरलेल्याचं काय? दुसऱ्याचं वाक्य घेऊन त्यातले शब्द फिरवणं ही उसनवारीच. मूळ पेपर बंद करा, त्यात काय म्हटलंय ते मोठ्याने मराठीत कोणाला तरी सांगा, आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते इंग्रजीत लिहा, संदर्भासह. त्या लेखनाला मदत करायला मी आनंदाने बसेन.

१६. रिव्ह्यूअरने 'नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्या' असं लिहिलंय. आता?

मनाला लागतं, माहीत आहे. पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की दोन-चार ठिकाणी त्याला अर्थ लागला नाही. कोणत्या ओळी ते शोधा. रिव्ह्यूअरचे बाकीचे प्रश्न कुठे अडलेत ते बघितलं की त्या सापडतात. उत्तर देताना प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या, काय बदललं आणि कोणत्या ओळीत, ते लिहा. आभार एकदाच माना. 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली डू द नीडफुल' नको. 'डिअर एडिटर' पुरेसं आदराचं आहे, आणि संपादक बाईही असू शकतात.

१७. तुमचं नाव सहलेखक म्हणून टाकू का? एवढं केलंत म्हणून विचारते.

नको. आयसीएमजेईच्या निकषांनुसार केवळ भाषा सुधारणाऱ्याला लेखक म्हणत नाहीत, त्याची जागा आभारात असते. तिथेही ज्याचं नाव घालायचं त्याची परवानगी आधी घ्यावी, शक्यतो लेखी, कारण आभारात नाव आलं की त्या व्यक्तीला तुमचे निष्कर्ष मान्य आहेत असा समज होऊ शकतो. म्हणून आभार मानायचेच असतील तर 'फॉर लँग्वेज एडिटिंग' असं स्पष्ट लिहा आणि शेवटचा मसुदा मला एकदा दाखवा. मी शेवटचा हात लावल्यानंतर तुम्ही तीन पानं नवी जोडली असतील, तर ती वाचल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.